वही घेऊन आलेला पाहुणा

शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या या सदरात मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहिलं होतं : शाळेत येणाऱ्या संशोधकाला चहा पाजून वाटेला लावू नका. त्यावर इतकी पत्रं आली, की बदल्या आणि स्नेहसंमेलनाच्या प्रश्नांना या महिन्यात सुट्टी. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्याला इलाज नव्हता.

*

बाई, जिंतूर तालुक्यात माझी दोनशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे. एका विद्यापीठातल्या मॅडम वर्षभर, आठवड्यातून एक दिवस माझ्या वर्गात बसून लेकरं वाचायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा म्हणतात. वरून पत्र आणलंय. मुख्याध्यापक म्हणतात, सही करून टाका, आपलं काय जातंय. पण तीन वर्षांखाली असेच चौघं आले होते. चाचण्या घेतल्या, फोटो काढले, गेले. काय निघालं ते आजवर कळलं नाही. हो म्हणू का नको?

हो म्हणा. पण वरून पत्र आलंय म्हणून नको; तुमच्या अटी सांगून हो म्हणा.

तुमचा राग मला नवा नाही. मी गंगाखेड तालुक्यात एका तांड्याजवळच्या शाळेवर होते तेव्हा अशीच एक जीप आली होती. व्हरांड्यात सतरंजी टाकून एकेका लेकराला बोलवायचे, एक मिनिट घड्याळ लावायचं, वाचलेले शब्द मोजायचे. माझ्या वर्गातली सगळ्यात बोलकी पोरगी त्या सतरंजीवर बसली आणि तिची वाचाच बसली. पुढ्यात शून्य पडलं. मी म्हणाले, "अहो, ती वाचते, मी बसते तिच्याजवळ." तर म्हणाले, "बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, नियम आहे." तो नियम बरोबर होता हे मला पुढं कळलं. एकाला बाईची मदत आणि दुसऱ्याला नाही, अशी चाचणी काय कामाची? पण तो नियम का आहे, हे कुणी मला सांगितलं नाही. जाताना लेकरांना एकेक चॉकलेट दिलं. अहवाल आजपर्यंत येतोय. पुढं कितीतरी शिक्षण परिषदांमध्ये हा किस्सा सांगून मी हशा मिळवला.

मग २०१२च्या जूनमध्ये एक मुलगी आली. पुण्याची, पीएचडी करणारी. सकाळच्या एसटीनं आली, फाट्यापासून चिखल तुडवत. चप्पल हातात. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, या वर्गाबद्दल तुम्हाला कशाचा उलगडा होत नाही?" सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. मला काय येत नाही हे विचारणारे पुष्कळ भेटले होते, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आधी रागच आला. रात्री भाकरी करताना उत्तर सुचलं : माझी काही पोरं पुस्तक घडाघडा वाचतात, आणि तेच फळ्यावर लिहिलं की गप्प. असं का?

दुसऱ्या आठवड्यात मी तिला हे सांगितलं. तिनं स्वतःच्या वहीतला ठरवून आणलेला प्रश्न खोडला आणि माझा लिहिला. हो म्हणण्याची माझी पहिली अट इथूनच आली. त्या मॅडमना विचारा, तुमच्या अभ्यासात माझ्या एका प्रश्नाला जागा आहे का? सगळा अभ्यास तुमचा होणार नाही, त्यांना पदवी घ्यायची आहे, त्यांचीही गरज खरी आहे. पण एक प्रश्न तुमचा असू द्या. तो नसला, की पोळ्यानंतर तुमचा रस संपतो आणि तुम्ही त्या दिवशी रजा टाकायला लागता. मी बघितलंय.

आता पुढचं ऐका, यात मी तोंडावर पडले आहे. दुसरीतला एक पोरगा चित्राखालचं वाक्य वाचत होता. छापलं होतं, 'मुले खेळत आहेत.' पोरगा बोट फिरवत मोठ्यानं म्हणाला, "लेकरं खेळू लालेत." त्या मुलीनं वहीत लिहिलं : तीन शब्द, तिन्ही चूक. मी तिथंच भांडले. म्हटलं, चूक कसली? त्याला अर्थ कळला, आणि कळून त्यानं तो आपल्या परभणीच्या बोलीत आणला. 'लालेत' म्हणजे काय हे मीच तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिनं मला केनेथ गुडमन या अमेरिकी संशोधकांबद्दल सांगितलं. १९६०च्या दशकात ते मुलांचं वाचन ऐकत बसायचे, आणि मूल छापलेलं सोडून वेगळं वाचतं त्याला ते चूक म्हणायलाच तयार नव्हते. मूल विचार काय करतं हे दिसायची ती खिडकी आहे, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, झालं, जिंकले.

पुढच्या आठवड्यात ती एक कागद घेऊन आली. त्यावर 'खेळत', 'आहेत', 'मुले' हे शब्द उलटसुलट, दुसऱ्या चार शब्दांत मिसळून. चित्र नाही. पोरानं कागदाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. एकही शब्द वाचता आला नाही. तो वर्षभर चित्र वाचत होता, आणि राहिलेलं शेजारच्याच्या आवाजावरून. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी ज्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं त्याचं उत्तर माझ्या समोरच बसलेलं होतं. आणि गुडमन साहेबांनाही पुढच्या संशोधनानं अर्ध्यावर आणून ठेवलंय, हे त्या पोरीनंच सांगितलं : नीट वाचणारा माणूस अक्षरांवरून वाचतो, संदर्भावरून अंदाज बांधत जाण्याची गरज अडखळणाऱ्याला जास्त पडते.

म्हणजे ती एकटी असती तर त्या पोराच्या पुढं 'वाचता येत नाही' पडलं असतं. मी एकटी असते तर 'येतं' पडलं असतं. आणि दोन्हीनं त्याचं नुकसानच होतं. त्याला छापलेल्यात अर्थ असतो हे पक्कं ठाऊक होतं, भाषा तोंडात भरपूर होती, अक्षरं तेवढी नव्हती. मग आम्ही दोघींनी त्याचंच वाक्य पट्टीवर लिहिलं, 'लेकरं खेळू लालेत', आणि कात्रीनं शब्द सुटे केले. खेळता खेळता त्याला 'लेकरं'मधला 'ले' आणि 'लालेत'मधला 'ले' एकच दिसला. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन पळत आला. 'मुले'वर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हिथं बी हाय!" पुस्तकातला शब्द त्यानं आपल्या घरच्या शब्दाच्या खुणेवरून धरला. दिवाळीपर्यंत त्याची गाडी रुळावर आली. दिवाळीपर्यंत म्हणजे पाच महिने लागले, एका रात्रीत काही झालं नाही.

तांड्यावरची एक पोरगी नेमकी याच्या उलट. 'आईने भाकरी केली' खडखडीत वाचायची. चाचणीत पैकीच्या पैकी. भाकरी कुणी केली विचारलं तर खाली मान. तिच्या घरी, बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. हे आम्हाला दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही, खिचडी शिजवणाऱ्या तांड्यावरच्या मावशीनं सांगितलं. आई म्हणजे याडी, असं म्हटल्यावर त्या पोरीनं विचारलं, "मग 'ने' कोण हाय?" ती 'आई' आणि 'ने' अशी दोन माणसं समजत होती! तिसरीत जाईपर्यंत तिला मी हुशार म्हणून पुढं बसवलं असतं.

अशा गोष्टी एका दिवसाच्या चाचणीत दिसत नाहीत. 'असर' ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची देशभरातली पाहणी २००५पासून होते, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी. जिल्ह्याजिल्ह्यांतलं चित्र कसं आहे हे त्यातून कळतं, तुमच्या तिसऱ्या रांगेतल्या पोराचं कुठं अडलंय हे कळत नाही. त्यासाठी ती नाहीच. त्याच्यासाठी तीच ती लेकरं वर्षानुवर्षं बघावी लागतात. आमच्या या उद्योगाच्या आसपासच, २०१३ ते २०१६, पालघरच्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणारी सुमारे ३६० - ३६० लेकरं 'लिरिल' नावाच्या प्रकल्पात पहिलीपासून तिसरीपर्यंत बघितली गेली. तिसरीतसुद्धा पुष्कळांना साधा परिच्छेद जड जात होता. त्यांच्या वर्गात जाऊन बसल्याशिवाय, गुरुजी काय शिकवतात, काय लिहायला लावतात, हे बघितल्याशिवाय त्याचं कारण कुणी सांगू शकलं नसतं.

आता अटी. वार ठरवताना तुमच्या गावचा आठवडी बाजार सोडून ठरवा, नाहीतर अर्धा वर्ग आईबरोबर बाजारात आणि मॅडमच्या वहीत 'गैरहजेरी जास्त'. पालकांची संमती म्हणजे कागदावर अंगठा नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवा, मॅडमना तिथं बोलायला लावा, बंजारा पालक असतील तर त्यांच्या बोलीत कुणाला तरी सांगायला लावा. एखाद्यानं नको म्हटलं तर त्याचं लेकरू वर्गात राहील, पण अभ्यासात नाही, हे आधीच ठरवून घ्या. लेकरांची नावं कुठं छापायची नाहीत. आणि व्हिडिओ! वाचता न येणाऱ्या लेकराचा व्हिडिओ आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर फिरलेला मी बघितलाय. पोराच्या चुलत्यानं तो बघितला. तेव्हा चित्रीकरण झालं तर ते कुणाकडं राहणार आणि कधी पुसणार, हे लिहून घ्या. लाजू नका, चांगला संशोधक यानं दुखावत नाही, उलट त्याच्या मनातला तुमचा भाव वाढतो.

आणि शेवटची अट तुमच्या जुन्या दुखण्यावरची. दर पंधरा दिवसांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास : तुम्ही काय बघितलं, मी काय बघितलं. वर्षाच्या शेवटी सगळं मराठीत, माझ्यासमोर आणि पालकांसमोर. आमच्या त्या मुलीचा प्रबंध इंग्रजीत होता. तिनं दोन दुपारी बसून मला तो मराठीत सांगितला. एका पानावर मी अडून बसले. तिथं तिनं माझ्या वर्गातल्या गोंगाटाला 'अव्यवस्था' म्हटलं होतं. तिनं शब्द बदलला नाही, पण खाली तळटीप घातली, की शिक्षिकेला हे मान्य नाही. मला ती तळटीप जास्त आवडली.

तुमच्या नोंदी त्यांनी वापरल्या आणि तुमची हरकत नसेल, तर तुमचं नाव घालायला सांगा. 'एका शिक्षिकेच्या मते' एवढ्यावर भागवू देऊ नका.

*

मी छत्रपती संभाजीनगरला संशोधन करतो. विषय प्राथमिक वर्गातलं वाचन. अडचण अशी, की मी गेलो की गुरुजी आदर्श पाठ घेतात. तक्ते निघतात, हुशार मुलं पुढं येतात. नेहमीचा वर्ग बघायलाच मिळत नाही. न सांगता जाऊ का?

न सांगता मुळीच जाऊ नका. न सांगता येतं ते तपासणीचं पथक. तुम्हाला पथक व्हायचंय का?

तुम्ही पोचता कसे, ते मनाशी बघा. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या गाडीवर मागं बसून? मग संपलं. शाळेत आजवर वही घेऊन जो आला तो काहीतरी तपासायलाच आला. पट तपासला, खिचडी तपासली, शौचालय तपासलं, आणि शेरेवहीत दोन ओळी लिहून गेला. तुम्हीही वही घेऊन आलात, मग तुम्ही वेगळे आहात हे गुरुजींना कळणार कुठून? शेरेवही पुढं केली तर हात जोडून नाही म्हणा. आणलेली खुर्ची नाकारा, दाराजवळ माठाशेजारी बसा. शाळेत कच्ची लेकरं बहुधा तिथंच बसलेली असतात, ते तुम्हाला लगेच दिसेल. डबा स्वतःचा न्या आणि पंगतीत बसून खा. पहिले तीन आठवडे काहीही लिहू नका. चौथ्या आठवड्यात लिहा, आणि सुटल्यावर ती वही गुरुजींच्या हातात द्या. 'वाचा' म्हणा. ज्या संशोधकाला हे जमत नाही त्यानं वहीत काय लिहिलं असेल, याचा मलाही संशय येतो.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६०च्या दशकात ऑकलंडमध्ये १०० लेकरं घेतली आणि शाळेच्या पहिल्या वर्षभर दर आठवड्याला त्यांच्याजवळ बसल्या. ती वाचताना काय बोलतात, कुठं थांबतात, कुठं आपणच मागं येऊन दुरुस्त करतात, हे खुणांनी टिपलं. मला त्यातली संख्या महत्त्वाची वाटत नाही, दर आठवडा महत्त्वाचा वाटतो. कुठलाही गुरुजी सलग चाळीस आठवडे आदर्श पाठ घेऊ शकत नाही. तक्ते संपतात.

आणि शिकवायला एक तास मागून घ्या. पस्तीस लेकरं, त्यात दोन वर्ग एकत्र, एकाला शी लागलेली, एकाची पेन्सिल चोरीला गेलेली, आणि तुम्ही 'क'ला काना शिकवताय. त्या दिवसानंतर तुमचे प्रश्न निम्मे होतील आणि जे उरतील ते कामाचे असतील. मॅक्सिन बर्नसन या भाषेच्या अभ्यासक १९६६ साली फलटणला आल्या त्या तिथल्या मराठीचा अभ्यास करायला. राहिल्या त्या लेकरांना वाचायला शिकवत, शाळा काढून. तुम्ही तितकं राहावं असं म्हणत नाही, तुमची नोकरी-लग्नं व्हायची असतील.

शेवटी एक टोमणा, मनाला लावून घेऊ नका. नेहमीचा वर्ग म्हणता ना, मग गुरुजी खिडकीजवळ उभे राहून मोबाईलला रेंज शोधत ऑनलाइन माहिती भरतायत आणि लेकरं तोवर पाढे लिहितायत, हाही नेहमीचाच वर्ग. तो तास किती वेळा होतो, ते मोजा. गुरुजी तुमच्या गळ्यात पडतील.

*

संशोधकांना सहकार्य केलं तर निपुणचे निकाल वाढतील का? (मुख्याध्यापक, लातूर जिल्हा)

या वर्षी कमी होतील. चित्र बघून वाचणारे आणि अर्थ न कळता वाचणारे, दोघंही उघडे पडतील. 'निपुण भारत' हा सरकारचा वाचन-गणिताचा कार्यक्रम जुलै २०२१मध्ये सुरू झाला आणि तिसरीपर्यंत वाचनाचं लक्ष्य २०२६-२७चं ठेवलंय, म्हणून तुमच्यावर दाब आहे, हे मला कळतं. पण तक्त्यात खरं लिहायची तयारी नसेल तर त्या पाहुण्यांना दुसरी शाळा सुचवा.

*

दरवर्षी आमच्याकडून कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गावर केलेला अभ्यास, मागतात. आम्ही शीर्षक बदलून मागच्या वर्षीचंच देतो. प्रश्नावली, आलेख, पाच प्रकरणं, स्पायरल बाइंडिंग. बाई, यात खरं काही करता येतं का?

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून तुमचं नाव-गाव मी छापत नाही.

इंग्लंडचे लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी १९७५ साली मांडलं, की अभ्यासक्रमाचं संशोधन शिक्षकाच्या वर्गातच आणि शिक्षकाच्याच हातून व्हायला हवं. आपल्याकडं येईतो त्याचं बाइंडिंग झालं. विषय एवढा लहान घ्या, की प्रकरणं पाडायला जागाच उरणार नाही.

माझं एक सांगते. तिसरीत माझी लेकरं 'वर्ग'ला 'वगर' वाचायची, 'पर्वत'ला 'पवरत'. मी निष्काळजीपणा म्हणून हातावर पट्टी दिलेली आहे, कबूल करते. तेवीसपैकी नऊ जण असं वाचतात, हे मी पहिल्यांदा मोजलं ते त्या पुण्याच्या मुलीच्या नादानं. ती म्हणाली, बाई, ही चूक सगळे एकसारखी करतायत, म्हणजे त्यामागं काहीतरी हिशेब आहे. बघितलं तर हिशेब सरळ होता. रफार दिसतो 'ग'च्या डोक्यावर, म्हणून लेकरू आधी 'ग' म्हणतं, मग डोक्यावरचा 'र'. डोळ्याचा क्रम वेगळा आणि जिभेचा वेगळा. पहिल्या वेलांटीचंही तेच, दिसते आधी, बोलायची नंतर. लेकरं बिनचूक विचार करत होती, लिपीच वाकडी चालते!

मग तीन आठवडे रोज दहा मिनिटं : आधी 'वर्‌ग' असा पाय मोडलेला 'र' ओळीत लिहायचा, वाचायचा, मग तो 'ग'च्या खांद्यावर चढवायचा. खांद्यावर बसला तरी बोलताना पहिला नंबर त्याचाच. नवापैकी सहा जणांचं जमलं. दोघांचं नाही. आणि एका पोरीनं आठवडाभर दिसेल त्या अक्षरावर रफार चढवला, स्वतःच्या नावावरसुद्धा. फसलेलं हे सगळं लिहा. तेच दुसऱ्या गुरुजीच्या कामाला येतं.

साहेब म्हणतील, एवढ्याशा रफाराचं काय संशोधन? त्यांना सांगा, नुसती बाराखडीच चारशेवर जाते, जोडाक्षरं वेगळी. सोनाली नाग यांनी कन्नड लेकरांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरांचा हा सगळा पसारा हाताखाली यायला लेकरांना चौथीपर्यंत आणि पुढंही वेळ लागतो, असं त्यात दिसलं. आपली लिपीही त्याच घडणीची. दिवाळीपर्यंत बाराखडी संपवा म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

*

मी धारूर तालुक्यात शिकवते. माझ्या वर्गातल्या एकतीस लेकरांपैकी चौदा जण दिवाळीच्या तोंडावर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. वाचनाचा अभ्यास करणारे सर म्हणाले, सलग उपस्थिती नसल्यानं ती नमुन्यातून वगळावी लागतील. मी गप्प बसले. बाई, चुकलं का माझं?

चुकलं. पण मीही बसले असते, तुमच्या वयाला.

त्या सरांचं गणित मला कळतं. जून आणि मार्च, दोन्ही वेळा मोजता आलं तर फरक काढता येतो, मधून लेकरू गेलं तर आकडा लंगडा होतो. पण बीड जिल्ह्यात वाचनाचा अभ्यास करायचा आणि कोयत्यावर गेलेली लेकरं वगळायची, म्हणजे दुष्काळाचा अभ्यास पाणी आहे त्या विहिरीवर बसून करण्यासारखं आहे. जी मागं राहिली, हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी, ती तर सापडतातच. उरलेल्यांचं वाचन या चार-पाच महिन्यांत कुठं जातं, काय विसरतं, काय विसरत नाही, हे कुणाच्याच वहीत नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉन गावी लुईस मॉल आणि त्यांच्या सोबत्यांनी शिक्षकांनाच संशोधक करून मेक्सिकोहून आलेल्या मजूर कुटुंबांच्या घरी पाठवलं. तपासायला नाही, शिकायला. शेती, खाणकाम, बांधकाम, औषधी झाडं, घराघरात ज्ञानाचे साठे निघाले, आणि ते शिक्षकांनी वर्गात आणले. हे त्यांनी १९९२ साली मांडलं. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहिलेल्या लेकराला काय काय येतं, हे आपल्याला टुसॉनहून कळावं!

माझ्याकडं तांड्यावरची एक चौथीतली पोरगी पाडव्याच्या आसपास ऊसतोडीहून परत आली होती. मात्रा-वेलांट्या धूसर झाल्या होत्या. आमच्या त्या पुण्याच्या मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं. तिनं आणि मी त्या पोरीला बसवून नुसतं बोलतं केलं. वजनाच्या पावतीवरचा पाचआकडी आकडा ती न अडखळता वाचत होती, ट्रॅक्टरचा नंबर, खेपेचा नंबर सगळा. मोळ्या मोजायला बाप तिलाच बसवायचा, कारण मुकादमाच्या वहीतला आकडा आणि आपला आकडा जुळतो का हे बघणारी घरात ती एकटी. आम्ही म्हटलं, तिकडचं काहीतरी लिही. तिनं चार ओळी लिहिल्या. 'वाढं' या शब्दापाशी थांबली. उसाचा शेंडा हो, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात तो. म्हणाली, "बाई, ह्यो पुस्तकात नाही. लिहिला तर चालतो का?" चार महिने शाळेबाहेर राहून ती विसरली काय, तर काही मात्रा. आणि आमच्याकडं चार वर्षं राहून शिकली काय, तर पुस्तकात नाही तो शब्द लिहायचा नसतो.

तुम्ही आता एवढं करा. त्या चौदा जणांची यादी काढा. कुणाची टोळी कोणत्या कारखान्याला आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, ते नावापुढं लिहा. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांच्याशी पंधरा दिवसांतून एकदा बोला, लेकराला दोन वाक्यं वाचून दाखवायला सांगा, पावतीवरची का होईना, आणि वार-तारखेसह टिपून ठेवा. चौदांपैकी पाच सापडले तरी पुष्कळ झाले. मग ती वही त्या सरांपुढं ठेवा. म्हणावं, तुमच्या नमुन्यातून गेलेली लेकरं पाडव्याला गावात येतात, कारखाने लवकर बंद झाले तर त्याच्याही आधी. त्या आठवड्यात तुम्ही या, आणि राहायची सोय माझ्याकडं आहे.